पाटावरचा ग्लोव्ह

खंडेनवमीच्या सकाळी वामनरावांनी स्कूटर बाहेर काढली आणि हँडलला पिशवी अडकवली. पिशवीतून स्टीलच्या डब्याचं झाकण दिसलं, तेव्हाच शारदाबाईंनी ओळखलं की स्वारी लक्ष्मी तालावर, म्हणजे तळ्यावर निघाली.

"अहो, आज नवमी. महालक्ष्मीला अर्धी झाशी लोटली असेल. त्या गर्दीत तुम्ही गाळ काढत बसणार?"

"गर्दी देवळात असते, गाळ काठावर असतो. कोणाचा कोणाला धक्का लागत नाही," वामनराव म्हणाले. "रेवा, येतेस?"

रेवा पदर खोचून मागे बसली. ती भोपाळच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. दसऱ्याला माहेरी यायचा तिचा नेम कधी साधायचा, कधी नाही. यंदा साधला होता. नवरा ऑडिटमध्ये अडकला म्हणून ती एकटीच आली होती, आणि एकटी आल्यामुळे पुन्हा बाबांच्या स्कूटरवर मागे बसायला मिळालं होतं. त्यांच्या शर्टाला नेहमीसारखा एरंडेलाचा वास येत होता. काल रात्रीच ते बेसबॉलच्या जुन्या ग्लोव्हला तेल लावत बसले होते.

लक्ष्मी तालाच्या काठावर वामनराव उकिडवे बसले, पाण्यातली जलपर्णी हाताने दूर सारली आणि कोपरापर्यंत हात खाली घातला. बाहेर आलेला गाळ बोटांत चोळून बघितला, टाकून दिला, पुन्हा हात घातला.

"वाळू लागते आहे. लोण्यासारखा हवा."

फुलं विकणारी म्हातारी ओळखीची होती. "काय बाबूजी, फिर आ गए कीच लैबे?"

"हाँ अम्मा, जलेबी बनानी है."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसली. रेवाही हसली. हा गाळ कशासाठी, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं, तरी बाबा सांगणारच, हेही ठाऊक होतं. अमेरिकेत बेसबॉलचा नवा चेंडू फार गुळगुळीत असतो, टाकणाऱ्याच्या हातातून निसटतो. म्हणून सामन्याआधी प्रत्येक नव्या चेंडूला तिकडच्या एका नदीचा गाळ चोळतात. कुठल्या वळणावरचा गाळ, ते कोणी सांगत नाही. ते एका घराण्याचं गुपित आहे.

"एवढा मोठा देश, चंद्रावर जाऊन आला," वामनराव डब्याचं झाकण लावत म्हणाले, "आणि चेंडूला चिखलाशिवाय दुसरं काही सापडलं नाही. मला फार बरं वाटतं या गोष्टीनं."

झाशी हे हॉकीचं गाव. तिथे जन्मभर रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी केलेल्या माणसाला बेसबॉलचं वेड लागावं, हा सीपरी बाजारात चेष्टेचा विषय होता. 'बडे बाबू का गिल्ली-डंडा' असं लोक तोंडावर म्हणत आणि वामनराव तोंडावर हसत. तरुणपणी रेल्वेच्या क्रीडास्पर्धेत गुण लिहायला म्हणून त्यांना पाठवलं होतं. तिथे हा खेळ पाहिला आणि ते अडकले. मग बबीनाच्या छावणीतल्या रद्दीतून जुनी अमेरिकन मासिकं आली. त्यांच्यामागून एका कबाड्याकडून तो ग्लोव्ह आला, फिक्या, माणसाच्या कातडीसारख्या रंगाचा, बोटं आखूड, तळव्याला जेमतेम जाडी. तो कोणाचा, छावणीत कसा आला, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की दरवेळी ते वेगळी गोष्ट सांगत. रेवाच्या आवडीची मात्र एकच होती. दीडशे वर्षांपूर्वी सगळे उघड्या हातानं चेंडू झेलायचे. बोटं मोडायची, नखं निघायची, पण ग्लोव्ह घालणं म्हणजे नामर्दपणा. तेव्हा एका खेळाडूनं मुद्दाम कातडीच्या रंगाचा ग्लोव्ह शिवून घेतला, कोणाला दिसू नये म्हणून. तरी लोकांना दिसला, आणि लोक हसले.

"मग त्यानं काढून टाकला?" लहानपणी रेवा विचारायची.

"छे. घालूनच खेळला. हसणाऱ्यांनी पुढे आपापले शिवून घेतले."

घरी आल्यावर वामनरावांनी नवा चेंडू घेतला आणि अंगणात बसून ताजा गाळ चोळून चोळून त्याची चकाकी घालवली. मग देवघराखाली पाट मांडला. त्यांच्या घरी खंडेनवमीला घरातली हत्यारं पाटावर मांडून पूजत. विळी, हातोडी, कात्री, सिग्नल खात्यातला जुना पाना, आणि गेली कित्येक वर्षं चेंडू, बॅट आणि तो ग्लोव्ह. एकदा मांडलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. त्या दिवशी भाजी चिरायलासुद्धा शारदाबाई शेजारून विळी मागून आणत.

"चामड्याला हळदकुंकू," त्या दरवर्षीप्रमाणे म्हणाल्या.

"मृदंगाला चालतं ना?" वामनराव दरवर्षीप्रमाणे म्हणाले आणि ग्लोव्हवर झेंडूचं फूल ठेवलं.

जेवताना त्यांना गोष्टींचं भरतं आलं. पूर्वी झेलणारे ग्लोव्हमध्ये कच्च्या मांसाचा तुकडा भरत, चेंडूचा मार बसू नये म्हणून. सामना संपेपर्यंत त्याचा पार कीस व्हायचा.

"शी. पुरण आहे पानात," शारदाबाई म्हणाल्या.

"मी कुठे पुरणाचं सांगतोय?"

रेवाला ठसका लागला. वामनरावांनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला आणि तिच्या हाताकडे क्षणभर बघितलं.

"उद्या उत्तरपूजा झाली की चार चेंडू टाकू. बरीच वर्षं झाली."

"बघू," रेवा म्हणाली.

तेवढंच. संध्याकाळी पत्ते झाले. वामनरावांनी चोरून पान बदललं आणि पकडले गेले. रेवाला पुढे तो सगळा दिवस पुन्हा पुन्हा चाचपून बघायची सवय लागली. पण त्यात कुठेही काही खूण नव्हती. तो एक साधा, थोडा जास्त जेवलेला दिवस होता.

दसऱ्याच्या सकाळी वामनराव आंघोळ करून, पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत बसले. शारदाबाई आत पूजेची तयारी करत होत्या. रेवा चहा घेऊन आली तेव्हा ते पुढे वाकले होते. एका बुटाची नाडी बांधलेली, दुसरी सुटी.

"बाबा, उत्तरपूजा व्हायची आहे अजून. एवढी कसली घाई," ती त्यांच्या पाठीला म्हणाली. "चहा घ्या आधी."

ते वाकलेलेच राहिले. रेवाला वाटलं, नाडीत गाठ बसली असेल. ती थांबली. मग तिने कप कठड्यावर ठेवला आणि त्यांच्या खांद्याला हात लावला. खांदा गरम होता, शर्टाला एरंडेलाचा वास होता, आणि तरी ते कळलं. कसं कळलं, हे तिला कधीच सांगता आलं नसतं.

त्याच वेळी फाटकातून अनुप आत आला. पन्नाशीचा, जाडसर, इलाइट चौराह्याजवळ खेळाच्या सामानाचं दुकान चालवणारा. त्याला शाळकरी वयात वामनरावांनीच खेळ शिकवला होता. दर दसऱ्याला तो पहिलं सोनं द्यायला इथे यायचा. त्याच्या मुठीत आपट्याची पानं होती.

"प्रणाम सरजी," तो म्हणाला आणि मग रेवाचा चेहरा त्याला दिसला.

त्यानेच त्यांना उचलून गाडीत घातलं, त्यानेच दवाखान्यापर्यंत गाडी हाकली. दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. घरी परतल्यावर रेवाने कठड्यावरचा चहाचा कप स्वयंपाकघरात आणला आणि त्यावर बशी झाकून ठेवली. बाबांना गार चहा आवडत नाही, असा विचार तिच्या मनात आला, आणि त्यात चूक काय आहे हे तिला बऱ्याच वेळानं समजलं. तेव्हा तिने कप विसळून टाकला.

धाकटा भाऊ मुकुल हैदराबादहून पोचला. क्रियाकर्म झालं. माणसं आली, शेजाऱ्यांकडून जेवणाचे डबे आले, शारदाबाई भिंतीला टेकून बसून राहिल्या. येणारा प्रत्येक जण रेवाकडे बघून म्हणत होता, पोरगी खंबीर आहे. रेवा पाणी देत होती, फोन घेत होती, मुकुलच्या अंथरुणाची सोय बघत होती. तिला रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचं दुःखही होत नव्हतं. कानात पाणी गेल्यावर जसं सगळं दुरून ऐकू येतं तसं चाललं होतं. फक्त देवघरासमोरून जाताना तिचे पाय अडखळत.

पाट तसाच होता. हळदकुंकू लावलेली विळी, हातोडी, पाना, बॅट, चिखलानं मळकट झालेला चेंडू आणि ग्लोव्हवरचं झेंडूचं फूल. उत्तरपूजा राहूनच गेली होती. घराला सुतक लागलं होतं, देवघराला कोणी हात लावायचा नव्हता. जोवर पाट हलत नाही तोवर या घरातला दसरा संपलेला नाही, असं काहीसं रेवाच्या मनानं धरून ठेवलं होतं. दसरा संपलेला नाही, म्हणजे 'उत्तरपूजा झाली की' हे अजून व्हायचं आहे. शहाण्या बाईनं असा विचार करू नये, हे तिला कळत होतं. ती तरीही करत होती.

चौथ्या दिवशी सकाळी केशवराव आले. हे वामनरावांचे चुलतभाऊ. किल्ल्याजवळच्या जुन्या घराण्यातले, लग्नमुंजीत आणि मर्तिकात सगळ्यांनी ज्यांना विचारायचं असे. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

"रेवा, आंघोळ झाली?"

"झाली, काका."

"मग देवांना फुलं घाल. तो पाटही उचल. वामनची हत्यारं किती दिवस अडकवून ठेवायची?"

"सुतक आहे ना, काका."

"मुकुलला आहे, शारदेला आहे, मलाही आहे, तेराव्यापर्यंत. तुला नाही. लग्न झालेल्या लेकीला तीन दिवसांचं." ते सहज म्हणाले, गाडीची वेळ सांगावी तसं. "तुझं काल फिटलं. तू मोकळी झालीस."

रेवाला क्षणभर समजलंच नाही. पुस्तकांतून हे सगळं तिने वाचलं होतं. कोणाला किती दिवस, का, कुठल्या काळापासून, हे तिने एकदा एका विद्यार्थिनीला शोधूनही दिलं होतं. पण ते आपल्यालाही लागू असेल, असं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

"फिटलं?" ती म्हणाली.

"हो, फिटलं. शास्त्रच आहे तसं."

"मला अजून सुरूसुद्धा झालं नाहीये, काका."

केशवरावांनी तिच्याकडे नीट बघितलं. ते कडक होते पण दगड नव्हते. "ते वेगळं, पोरी. त्याला पंचांगात जागा नाही," ते म्हणाले. "पण पाट तुलाच उचलावा लागणार. दुसरं कोण आहे?"

"उद्या उचलते."

उद्या तिने उचलला नाही. परवाही नाही. फुलं काळी पडली. नैवेद्याच्या गुळाला मुंग्या लागल्या. मुकुल दुरूनच म्हणाला, "ताई, मुंग्या ग्लोव्हमध्ये जातायत. मी हात लावू शकत नाही. तू का थांबलीस?" सांगायचं तरी काय, की बाबांना मी 'बघू' म्हटलं होतं?

त्या दुपारी शारदाबाईच उठल्या. भिंत धरत देवघराच्या दाराशी आल्या आणि उंबऱ्याबाहेर बसल्या.

"रेवा, वास येतोय फुलांचा. त्यांना आवडलं नसतं. दरवर्षी माझ्या आधी तेच निर्माल्य काढायचे."

मग मात्र रेवा आत गेली. आईनं बाहेरून सांगितलं तशा तिने अक्षता टाकल्या, हात जोडले, पाट दोन्ही हातांनी धरून जरासा हलवला. झालं. एवढीच असते उत्तरपूजा. दसरा संपला.

तिने एकेक वस्तू पुसून बाजूला ठेवली. ग्लोव्ह शेवटी घेतला. मुंग्या झटकल्या आणि सवयीनं, काही न ठरवता, हात आत घातला. तो लहान मुलीचा हात राहिला नव्हता. तळव्याच्या कडेची शिवण तटतट उसवली आणि फटीतून काहीतरी बाहेर डोकावलं.

तिला वाटलं, कापूस असेल. ओढलं तर लोकर आली. दाबून दाबून पुठ्ठ्यासारखी झालेली, घडीवर घडी घातलेली लोकर. बदामी रंग, हिरवा काठ.

"आई," रेवा म्हणाली, "हे काय आहे?"

शारदाबाईंनी उंबऱ्याबाहेरून मान पुढे केली. मग मान आणखी पुढे केली.

"माझी शाल आहे ती."

"कुठली शाल?"

"माझ्या आईनं दिलेली, ग्वाल्हेरची. हरवली होती ना. धोब्याकडे गेली ती आलीच नाही." त्या त्या तुकड्याकडे बघत होत्या. "त्या रामदीनला मी काय काय बोलले. सणाला त्याच्या मुलांना फराळ दिला नाही एक वर्ष. आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. मला म्हणाले, जाऊ दे, एका शालीसाठी गरिबाला किती बोलशील."

मुकुलला हसू फुटलं. त्यानं ते दाबलं, मग शारदाबाईच हसल्या. घरात इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणी हसत होतं आणि ते कुठे थांबवावं हे कोणाला कळत नव्हतं. ते आपोआप थांबलं.

रेवा हसली नव्हती. ती शिवण बघत होती. ग्लोव्हची बाकीची शिवण यंत्राची होती, जुनी. तळव्याच्या कडेची मात्र हातानं घातलेली, जाड दोऱ्याची, जुन्या भोकांतूनच दोरा काढून घातलेली, ओळखू येऊ नये अशी.

ती आठ-नऊ वर्षांची असताना बाबा संध्याकाळी कामावरून आले की अंगणात चेंडू टाकायचे आणि ती झेलायची. ग्लोव्ह एकच, तोही पातळ. प्रत्येक झेलाला तळव्यात अशी आग व्हायची की डोळ्यांसमोर पांढरं दिसायचं. पण बाबा म्हणायचे, शाब्बास. त्या शब्दासाठी ती पुढचाही चेंडू झेलायची. खेळ संपला की माठाला हात लावून उभी राहायची. एकदाही तोंडातून शब्द काढला नाही. मग काही दिवसांनी दुखणं कमी झालं. बाबा म्हणाले होते, हात तयार झाला बघ तुझा. केवढा अभिमान वाटला होता तिला. आयुष्यात पुढे जेव्हा जेव्हा काही सोसायची वेळ आली, तेव्हा ती स्वतःला हेच सांगत आली होती की सोसत राहिलं की हात तयार होतो.

हात तयार झालाच नव्हता. आत शाल होती.

"माझ्या हाताचं बाबांना माहीत होतं?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

शारदाबाईंनी डोळे पुसले. "शालीचं मला आज कळतंय. पण एकदा मला म्हणाले होते, पोरीचा हात लाल होतो आणि ती बोलत नाही. मी म्हटलं, मग विचारा की तिला. तर म्हणाले, विचारलं तर खरं सांगेल, आणि खरं सांगितलं की खेळ थांबेल. मला नाही थांबवायचा." त्यांनी शालीच्या तुकड्यासाठी हात पुढे केला. "मला वाटलं, सोडून दिलं असेल डोक्यातून."

फाटक वाजलं. अनुप रोज या वेळी येऊन काही हवं-नको विचारून जायचा. रेवा चेंडू घेऊन बाहेर आली. ग्लोव्ह तिने आईच्या मांडीवर ठेवला होता. आईला शिवून आता रेवाही विटाळली की नाही, याची चौकशी कोणी केली नाही.

"अनुप भैया, एक गेंद फेंकेंगे?"

अनुपनं तिच्याकडे बघितलं, चेंडूकडे बघितलं. चेंडूवर तालाचा गाळ वाळून त्याला रंग चढला होता. "दीदी, ग्लव्ह कहाँ है?"

"रहने दीजिए."

"हाथ में लग जाएगी. ये टेनिस की गेंद थोड़े है."

"फेंकिए तो."

त्यानं खालून, हलकेच, पोरांना टाकावा तसा टाकला. तो तिच्या ओंजळीत येऊन पडला. तिने परत फेकला.

"ऐसे नहीं. जैसे बाबा डालते थे."

"दीदी."

"भैया, ज़ोर से."

अनुप दोन पावलं मागे सरला. चपला काढून बाजूला ठेवल्या, चेंडू बोटांत फिरवून शिवणीवर पकड घेतली. त्याला हे ज्यांनी शिकवलं ते त्या रिकाम्या वेताच्या खुर्चीत बसलेले असल्यासारखं त्यानं एकदा ओसरीकडे बघितलं आणि हात वरून आणला.

चेंडू तिच्या उघड्या तळव्यावर येऊन बसला. फट्कन आवाज झाला. आग मनगटातून कोपरापर्यंत चढली, डोळ्यांसमोर पांढरं झालं, आणि इतक्या दिवसांचं कानातलं पाणी एकदम निघून गेल्यासारखं सगळं ऐकू आलं. रस्त्यावरचा भाजीवाला, मुकुलची खुर्ची सरकल्याचा आवाज, आईचा श्वास. चेंडू तिने सोडला नाही. तळवा लाल होत चालला होता. ती ओसरीकडे वळली.

"बाबा," ती म्हणाली, मोठ्यानं, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, "मला लागायचं. रोज लागायचं. आता फार लागलंय, बाबा."